चौकट क्रमांक सतरा

चार खुंट्या, चार मीटर दोरा.
दोरा लाल, कारण तुळशीबागेत पांढरा संपला होता.
आत जे हिरवं असेल ते मोजायचं,
बाहेरच्याला हात लावायचा नाही.
एवढंच काम. मानधन महिन्याच्या शेवटी,
कुठल्या महिन्याच्या ते विचारायचं नाही.

सप्टेंबर. गणेशखिंड रस्त्यावरचे हॉर्न
वावळाच्या फांद्यांतून निम्मे होऊन येतात.
मी गुडघ्यांवर, निलोफर वहीवर.
"टाकळा बारा. कुर्डू तीन.
एकदांडी, थांब, एकदांडी नंतर सांगते.
गाजरगवत ढीगभर."
ती पेन उचलून माझ्याकडे नुसती बघते.
मग परत पहिल्यापासून,
एकेक देठ चिमटीत धरून.

झाडं सोपी. झाडं उभी राहतात.
छातीच्या उंचीला टेप गुंडाळा, घेर बोला,
पत्र्याचा बिल्ला लावा.
निलगिरीवर तेवढा टिकत नाही,
ती साल टाकते नंबरासकट.
गोरखचिंचेला टेप पुरली नाही,
दुसरी जोडली, आणि सांध्यापाशी
दोन सेंटिमीटरवरून आम्ही अर्धा तास भांडलो.
गवतं अवघड.
तुरा येईपर्यंत सगळी एकमेकांची चुलत भावंडं.

केळशीकर मॅडमच्या कपाटात एक जुनी यादी आहे,
टाइप केलेली, कडा कसरीनं खाल्लेल्या.
एकोणचाळीस नावांपुढे प्रश्नचिन्ह,
पेन्सिलीनं.
खोडता यावं म्हणून पेन्सिल, असं त्या म्हणतात.
वीस वर्षांत खोडरबर झिजलेलं नाही.

मग कसलीशी समिती येणार म्हणून
शुक्रवारी सगळा परिसर भादरला.
सोमवारी बघतो तर अख्खा उतार
मुंजीतल्या बटूसारखा तुळतुळीत,
आणि मधोमध, बरोबर एक चौरस मीटर,
शेंडी.

यंत्रवाले वाघमोडे काका सावलीत डबा खात होते.
"दोरा बघितला ना लाल.
हळदकुंकू नव्हतं, पण म्हटलं
कुणाचं काय असेल, सांगता येत नाही.
त्यात पितरांचे दिवस.
उगाच कशाला पाय द्या."

मॅडम फोनवर म्हणाल्या, सतरा बाद.
आजूबाजूचं कापलं म्हणजे
ऊन वेगळं, वारा वेगळा,
तुलनेला चालणार नाही. शेऱ्यात लिहा.
आम्ही शेऱ्यात लिहिलं.

लिहून झाल्यावर तरीही बसलो.
उरलेल्या उतारावर मोजायला काय होतं?
टाकळा बारा. कुर्डू तीन.
एकदांडी अठ्ठावीस, या वेळी नीट.
आणि टाकळ्याच्या बुडाशी, मातीला चिकटून,
तीन पानांचं काहीतरी.
फूल तिळाएवढं. जांभळं म्हणावं तर तसंही नाही,
धुऊन धुऊन विटलेल्या ब्लाउजचा रंग.
फोनच्या कॅमेऱ्याला ते दिसेचना,
तो सारखा माझं नख स्पष्ट करत होता.
निलोफरनं शेवटच्या पानावर चित्र काढलं.
नाव, एक रेघ.
संख्या, एक.
एकच असलं की उपटायचं नाही, हा नियम.

बुधवारी मॅडम स्वतः आल्या, भिंग घेऊन.
इस्त्रीची सुती साडी, गुडघ्याचं दुखणं,
आणि सरळ पालथ्या झोपल्या कापलेल्या गवतावर.
बराच वेळ चपलांचे तळवेच दिसत होते.
उठल्या तेव्हा कपाळाला कुसळं.
"असू शकेल," म्हणाल्या.
प्रश्नचिन्ह त्यांनी खोडलं नाही,
शेजारी बारीक अक्षरात सतरा लिहिलं फक्त.

काकांनी विचारलं, दोरा सोडायचा का आता?
आम्ही म्हटलं, राहू दे.

पुढच्या खेपेला गेलो तर
उताराला पुन्हा बोटभर हिरवं आलं होतं,
आणि चौकटीत, कोपऱ्यातल्या खुंटीपाशी,
कुणीतरी तगरीची दोन फुलं ठेवली होती.
ताजी, देठं खुडलेली.
निलोफरनं पेनाचं टोपण काढलं,
क्षणभर थांबली,
"ही आतली आहेत," म्हणाली.
"मोजायची?"